फिनलंडच्या निवांत सायकलवाटा: शांततेची किंमत कोण मोजते?

क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्र आणि फिनलंड यांत फारसे अंतर नाही. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, तर फिनलंडचे सुमारे ३ लाख ३८ हजार. मात्र २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख भरली होती. फिनलंडमध्ये आजही जेमतेम ५६ लाख माणसे राहतात. देशाच्या जमिनीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापला आहे आणि लहानमोठी मिळून सुमारे १ लाख ८८ हजार सरोवरे तेथे आहेत. आग्नेयेकडील सायमा सरोवराभोवतीचे आडरस्ते सायकलस्वारांना विशेष खुणावतात. दुतर्फा पाइन आणि बर्चची झाडी, वळणावळणाला पाण्याचे दर्शन आणि बराच वेळ एकही मोटार न भेटणे, हे तेथील सायकलप्रवासाचे वैशिष्ट्य.

ही शांतता केवळ निसर्गाची देणगी आहे, असे पाहुण्याला वाटणे साहजिक आहे. ते अर्धसत्य होय. तिच्यामागे हिमयुगाने घडवलेली भूमी आहे, गेल्या शतकातील स्थलांतराचा इतिहास आहे आणि रस्त्यांच्या देखभालीचा वर्षानुवर्षांचा खर्चही आहे. यातील शेवटच्या गोष्टीबद्दल आता प्रश्न उभे राहू लागले आहेत.

हिमनदीचे बांध

सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी या प्रदेशावरील बर्फाचे प्रचंड आवरण मागे सरकू लागले. मध्येच थंडी वाढली, बर्फाची कड दीर्घकाळ एकाच जागी थबकली आणि तिच्यासमोर वाळू, गोटे आणि खडी यांचे लांबच लांब बांध साचले. ते साल्पाउससेल्का या नावाने ओळखले जातात. बर्फाच्या पोटातून वाहणाऱ्या नद्यांनीही आपल्या गाळाचे अरुंद कणे मागे ठेवले. सखल भागांत पाणी साठले आणि सायमासारखी सरोवरे निर्माण झाली. सायमात हजारो बेटे आहेत आणि त्याचा किनारा कमालीचा दंतुर आहे.

अशा भूमीत सरळ रस्ता काढणे अवघड. दलदल आणि पाणी टाळून कोरड्या बांधांच्या माथ्यावरून जुन्या वाटा गेल्या. घाई असलेली वाहतूक रुंद महामार्गांनी निघून जाते आणि वळसे घेणाऱ्या वाटा स्थानिकांपुरत्या उरतात. पुंकाहार्यु येथील सुमारे सात किलोमीटरचा कणा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दोन्ही बाजूंना सरोवर आणि मधोमध पाइन वृक्षांची अरुंद रांग, अशी त्याची रचना आहे. हमरस्ता आता कडेने जातो. कण्यावरचा जुना रस्ता वारसा म्हणून जपला गेला असून सायकलस्वारांसाठी तो पर्वणीच ठरतो.

रस्ते आले, माणसे गेली

दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंडला कारेलिया प्रांताचा मोठा भाग सोव्हिएत संघाला द्यावा लागला. तेथून चार लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली. १९४५ च्या कायद्यान्वये त्यांना आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमिनी देण्यात आल्या. जंगल तोडून शेते झाली आणि त्या शेतांपर्यंत रस्ते काढण्यात आले. पुढील दशकांत इमारती लाकूड आणि कागदाचा लगदा हा अर्थव्यवस्थेचा आधार बनला, तेव्हा ओंडके वाहून नेण्यासाठी जंगलात आणखी रस्ते खोदले गेले. गावोगावचे दूध डेअरीपर्यंत पोहोचवण्यासाठीही बारमाही रस्ता आवश्यक होता.

परंतु रस्त्यांचे जाळे पुरे होत असतानाच गावे रिकामी होऊ लागली. १९६० आणि १९७० च्या दशकांत लाखो लोक दक्षिणेकडील शहरांत किंवा कामधंद्यासाठी स्वीडनला गेले. एकेकाळी लाखांत मोजले जाणारे दूध उत्पादक शेतकरी आज पाच हजारांहूनही कमी उरले आहेत. शाळा आणि दुकाने बंद पडली, रस्ते मात्र राहिले. ज्या वर्दळीसाठी ते बांधले, ती आटली. सायकलस्वाराला लाभणारी शांतता ही त्या गावांनी गमावलेल्या माणसांचीही खूण आहे.

क्रमांकावरून ओळख

निवांत रस्ता शोधण्याची सोपी युक्ती नकाशातच आहे. फिनलंडमध्ये १ ते ३९ क्रमांकाचे रस्ते राष्ट्रीय महामार्ग, ४० ते ९९ दुय्यम महामार्ग, १०० ते ९९९ प्रादेशिक रस्ते आणि १००० च्या पुढील गावजोड रस्ते, अशी विभागणी आहे. सरकारच्या ताब्यात सुमारे ७८ हजार किलोमीटर रस्ते असून त्यांतील जवळपास दोन तृतीयांश चार किंवा पाच आकडी क्रमांकाचे आहेत. निम्म्याहून बरीच अधिक वाहतूक मात्र दोन्ही प्रकारच्या महामार्गांवर एकवटली आहे. त्यामुळे क्रमांकात अंक जितके अधिक, तितकी वर्दळ कमी, हा नियम सहसा चुकत नाही.

अपवाद दोन. शुक्रवारी दुपारी शहरांतील कुटुंबे आपल्या सरोवरकाठच्या लाकडी बंगल्यांकडे निघतात. अशी पाच लाखांहून अधिक उन्हाळी घरे देशात आहेत, आणि जूनमधील मध्य-उन्हाळ्याच्या सणाला तर आडरस्तेही गजबजतात. दुसरा अपवाद लाकूडवाहू ट्रकांचा. २०१३ पासून ७६ टनांपर्यंतच्या अवजड वाहनांना परवानगी आहे. असा ट्रक अरुंद रस्त्यावर मागून आला, तर कडेला थांबून त्याला वाट देणे हेच शहाणपणाचे.

कोठून निघावे?

नवख्या प्रवाशाला सावोनलिना हे शहर सोयीचे. १४७५ मध्ये बांधकाम सुरू झालेला ओलाविनलिना किल्ला तेथे पाण्याच्या मधोमध उभा आहे. हेलसिंकीहून रेल्वेने पारिक्कालापर्यंत येऊन तेथून छोट्या गाडीने सावोनलिना गाठता येते. वाटेत पुंकाहार्युलाही थांबा आहे.

अधिक एकांत हवा असेल, तर पश्चिमेकडील पूमाला हे छोटे गाव गाठावे. तेथून बेटाबेटांवरून जाणारा सुमारे ६० किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. हे वर्तुळ पूर्ण करताना उन्हाळ्यात चालणाऱ्या बोटीतून सायकलीसह पाणी ओलांडावे लागते. गावाजवळच्या उंच पुलावर चढण्यासाठी सायकलस्वारांना लिफ्टचीही सोय आहे. आपल्याकडे दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वाहने खाडी ओलांडतात, तशा फेऱ्या फिनलंडमध्ये सार्वजनिक रस्त्याचाच भाग मानल्या जातात आणि त्यांतून जाण्यास भाडे पडत नाही.

हंगाम जून ते ऑगस्टचा. जूनमध्ये येथे सुमारे १९ तास सूर्य मावळत नाही, त्यामुळे दिवसभराचे अंतर सावकाश कापता येते. मात्र दोन दुकानांमध्ये ३० ते ४० किलोमीटरचे अंतर असू शकते. पाणी, खाद्यपदार्थ आणि पंक्चर काढण्याचे सामान सोबत हवेच. डासांपासून बचावाची तयारी ठेवावी आणि पहाटे व तिन्हीसांजेला रस्त्यावर येणाऱ्या मूस या महाकाय हरणापासून सावध राहावे.

रस्ता कोणाचा?

सरकारी रस्त्यांच्या चौपटीहून अधिक, म्हणजे साडेतीन लाख किलोमीटरपेक्षा जास्त रस्ते खासगी आहेत. घरमालक, वनमालक आणि उन्हाळी बंगल्यांचे मालक मिळून रस्तामंडळ स्थापन करतात आणि ज्याचा वापर जास्त, त्याचा वाटा जास्त, या तत्त्वावर वर्गणी काढून रस्ता सांभाळतात. सरकारी किंवा पालिकेची मदत न घेणाऱ्या रस्त्यावर बाहेरच्या मोटारींना मज्जाव करण्याचा अधिकार त्यांना असतो. सायकलला मात्र तो लागू होत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरून मालकाच्या परवानगीशिवाय पायी किंवा सायकलवरून जाण्याचा हक्क या देशात परंपरेने सर्वांना, परदेशी पाहुण्यांनाही आहे. घराच्या अंगणात शिरणे, शेतातील पिकांचे नुकसान करणे किंवा परवानगीविना शेकोटी पेटवणे मात्र त्यात बसत नाही.

म्हणजे सायकलस्वार ज्या वाटेने फुकट जातो, तिची खडी कोणीतरी स्वखर्चाने टाकलेली असते. जंगलातील घरे आणखी रिकामी झाली, तर वर्गणीदारही कमी होतील.

सरकारी रस्त्यांची स्थितीही चिंतेची आहे. रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग मिळून रखडलेल्या दुरुस्त्यांचा बोजा ४ अब्ज युरोंच्या घरात गेला आहे. सरकारी रस्त्यांपैकी सुमारे २७ हजार किलोमीटर अजून खडीचे आहेत. वसंतात गोठलेली जमीन वितळते तेव्हा त्यांचा चिखल होतो आणि अवजड वाहनांवर बंदी घालावी लागते. हिवाळे सौम्य झाल्याने जमीन वारंवार गोठते आणि वितळते. रस्त्यांची झीज त्यामुळे वाढते. पैसा अपुरा पडला की आधी महामार्ग सांभाळले जातात आणि कमी वर्दळीच्या वाटा मागे राहतात. शांत असणे हेच त्यांच्या दुर्लक्षाचे कारण ठरते.

सीमेलगतच्या भागाला आणखी एक धक्का बसला. लापेनरांता आणि इमात्रा या शहरांच्या बाजारपेठा रशियन पर्यटकांवर मोठ्या प्रमाणात विसंबून होत्या. २०२२ मधील युक्रेनवरील आक्रमणानंतर हा ओघ आटला आणि २०२३ च्या अखेरीस फिनलंडने पूर्वेकडील जमिनीवरची सीमानाकी बंद केली. दरम्यान, २०२१ मध्ये सायमा परिसराला युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांत स्थान मिळाले होते. संथपणे फिरणारा, मुक्काम करणारा पाहुणा या भागाला आता अधिक मोलाचा वाटू लागला तर नवल नाही.

सायकलस्वारांच्या पैशावर खडीचा रस्ता टिकणार नाही, हे उघड आहे. तो टिकवण्याचा निर्णय फिनलंडचे करदाते आणि गावकरीच घेतील. तरीही गावातील उरलेसुरले दुकान, बंदरावरचा उपाहारगृहवाला आणि खोली भाड्याने देणारे शेतकरी कुटुंब यांना उन्हाळ्यातील चार पाहुण्यांचा आधार वाटतो. गावात कोणी राहत असेल, तरच रस्त्याची वर्गणी भरली जाईल आणि बर्फ हटवणारे यंत्र हिवाळ्यात तेथवर येईल. म्हणूनच या वाटांवर जाणाऱ्याने शिदोरी शहरातून बांधून नेण्याऐवजी शक्य तेथे गावातच खरेदी करावी आणि एखादी रात्र गावातच काढावी.