गुपित प्रकाशात नाहीच

परतूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: वंदे भारत आमच्या फलाटावरून सुसाट जाते, तेव्हा तिच्या हेडलाइटच्या उजेडात गाडीचा वेग मिळवायला नको का? डब्यात पुढे फेकलेल्या चेंडूच्या वेगात तो मिळवतोच की. मग प्रकाशालाच ही सूट का?

प्रश्न रास्त आहे, आणि हा प्रयोग होऊनही गेला आहे. फक्त गाडी वेगळी होती. १९६४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आल्वेगर आणि सहकाऱ्यांनी पायॉन नावाचे अल्पायुषी कण प्रकाशवेगाच्या ९९.९७५ टक्के वेगाने पळवले. हे कण फुटताना पुढच्या दिशेने गॅमा किरण सोडतात. हेडलाइटच म्हणा ना. साधी बेरीज खरी असती तर त्या किरणांचा वेग जवळजवळ दुप्पट भरला असता. मोजला तर नेहमीचाच: सेकंदाला तीन लाख किलोमीटरला किंचित कमी.

म्हणजे असं घडतं, याबद्दल वाद नाही. का घडतं, असं विचारलं की बहुतेक पुस्तकं मायकेल्सनच्या प्रयोगाकडे बोट दाखवतात. त्याची युक्ती सुंदर होती. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते. मग तिच्या वाटेवरून जाणारा आणि तिला आडवा जाणारा प्रकाश यांच्या वेळांत फरक पडायला हवा. एकच किरण दुभंगून दोन काटकोनी वाटांनी पाठवायचा, आरशांवरून परत आणून पुन्हा मिसळायचा आणि उमटलेले काळे-उजळ पट्टे सरकतात का ते बघायचं. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने दिलेल्या पैशांतून त्याने हे यंत्र बर्लिनमध्ये मांडलं, पण शहराच्या हादऱ्यांमुळे मध्यरात्रीनंतरही पट्टे धड मोजता येईनात. वैतागून त्याने ते पॉट्सडॅमच्या वेधशाळेच्या तळघरात हलवलं. तिथेही शंभर मीटरवरच्या फरसबंदीवर कुणी पाय आपटला की पट्टे गायब! ही गोष्ट १८८१ची. सहा वर्षांनी त्याने मोर्लेच्या साथीने पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी लादीवर प्रयोग पुन्हा केला. पट्टे अपेक्षेच्या विसाव्या भागाइतकेही सरकले नाहीत.

परतूरच्या वाचकाला हे यंत्र परकं वाटायचं कारण नाही. परभणी ओलांडून पुढे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी जागा ठरली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मायकेल्सनचंच यंत्र, फक्त भुजा चार-चार किलोमीटरच्या. शत्रूही तोच: जमिनीचे हादरे.

पण मायकेल्सनच्या प्रयोगातून आइन्स्टाइनला सापेक्षता सुचली, ही पाठ्यपुस्तकी कथा मला कधी पटली नाही. त्याच्या १९०५च्या लेखात मायकेल्सनचं नावसुद्धा नाही. सुरुवात होते ती चुंबक आणि विद्युतवाहकापासून. शिवाय प्रकाशाचा वेग सर्वांना सारखा, हे त्याने सिद्ध केलेलं नाही, गृहीत धरलं आहे. तेव्हा ‘का’ची विचारणा तिथे करून उपयोग नाही.

ती करावी व्लादिमिर इग्नातोव्स्कीकडे. तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या तबिलिसीत, जन्मलेल्या या माणसाचं नाव आपल्याकडे क्वचितच निघतं. १९१० साली त्याने प्रकाशाला गणितातून बाहेरच काढलं. मागितलं ते इतकंच: कुठलीही जागा, क्षण किंवा दिशा खास नसावी, एकसारख्या वेगाने जाणाऱ्या सर्वांना निसर्गाचे नियम तेच असावेत, आणि मी तुला ज्या वेगाने जाताना पाहतो त्याच वेगाने तू मला उलट जाताना पाहावंस. एवढ्यावरून वेगांची बेरीज कशी करायची ते जवळपास ठरून जातं. दोनच वाटा उरतात. एक न्यूटनची, जिथे वेगाला मर्यादाच नाही. दुसरीत सर्वांना सारखा दिसणारा एक सांत वेग असतो, आणि कुठलीही बेरीज त्याच्या पुढे जात नाही. यांपैकी आपलं विश्व कुठलं, ते मात्र गणित सांगत नाही, प्रयोगच सांगतो.

आपलं विश्व दुसऱ्या वाटेचं आहे. इथे कमाल वेगाच्या निम्मा अधिक निम्मा म्हणजे पूर्ण नव्हे, चार पंचमांश. आणि कमाल वेगात काहीही मिळवा, उत्तर कमाल वेगच. डब्यातला चेंडूही याच नियमात येतो, त्याला वेगळी वागणूक नाही. गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल आणि चेंडू सेकंदाला १० मीटरने फेकला, तर साधी बेरीज चुकते ती सेकंदाला एका अणूच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी. म्हणून चुकते हे आपल्या लक्षातच येत नाही.

मग प्रकाश नेमका त्या कमाल वेगानेच का जातो? त्याच्या कणाला वस्तुमान नाही म्हणून. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेचे माजी संचालक नरेश दधीच या वस्तुमानशून्य कणापासूनच विचार सुरू करत. असा कण कुणालाच थांबलेला दिसू शकत नाही. तो सर्वांसाठी धावताच असणार, तर त्याचा वेगही सर्वांसाठी एकच असायला हवा.

वस्तुमान नसणं ही काही प्रकाशाची मिरास नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वीय लहर लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी पकडली. त्यानंतर १.७ सेकंदांनी त्याच टकरीचे गॅमा किरण पोहोचले. प्रवास सुमारे १३ कोटी वर्षांचा, आणि अंतर पावणेदोन सेकंदांचं! तेही बहुधा किरण उशिरा निघाल्यामुळे. ज्या लहरीचा प्रकाशाशी काही संबंध नाही, तीही त्याच वेगाने आली.

अधूनमधून ‘आइन्स्टाइन चुकला’ असे मथळे झळकतात. २०११ मध्ये प्रकाशाला मागे टाकणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या कणांची अशीच धूम होती. शेवटी एक ऑप्टिकल केबल नीट न बसल्याचं निघालं. उद्या प्रकाशकणालाच लेशभर वस्तुमान आहे असं सापडलं, तर मथळे याहून मोठे येतील. पण सापेक्षतेची सूत्रं जागची हलणार नाहीत. प्रकाश त्या वेगाला जरासा कमी पडतो, एवढंच ठरेल.