बालेवाडीत जिंकलेला झेक डावखुरा

मुरबाडात टेनिसची गोष्ट काढली की पोरं पुन्हा क्रिकेटवर येतात. तरी हे वाचाच 🎾

म्हसा-कर्जतमार्गे आपल्याला गाठता येईल अशा पुण्याच्या बालेवाडीत २०२० साली टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी स्पर्धा जिंकली झेकच्या यिरी वेसेलीने. १९९३ चा जन्म, साडेसहा फुटी उंची, डावखुरी सर्व्हिस. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुलांच्या गटाचा विजेता, २०१५ मध्ये ऑकलंडला पहिलं एटीपी विजेतेपद, त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत ३५ वा. पुढे घसरण.

पुण्यात गडी अक्षरशः मरता मरता वाचला! उपांत्यपूर्व सामन्यात इवाश्काविरुद्ध दोन मॅच पॉइंट वाचवले, उपांत्य फेरीत बेरांकिसविरुद्ध चार. अंतिम सामन्यात गेरासिमोवला ७-६, ५-७, ६-३ असं हरवलं.

आणि खरी गंमत जोकोविचची. २०१६ ला माँटे कार्लोत वेसेलीने त्याला हरवलं, तेव्हा लोक म्हणाले, नशीब. २०२२ ला दुबईत पात्रता फेरीतून आलेल्या, १२३ व्या क्रमांकाच्या याच वेसेलीने पुन्हा हरवलं. जोकोविचचं अव्वल स्थान मेदवेदेवकडे गेलं ते त्या पराभवामुळेच.