श्वास कोंडलेल्या दोन जमिनी

वनस्पतिउद्यान आणि पाणथळ जमीन ही दोन्ही मुलांना एकाच फेरीत दाखवता येतील अशी शहरी ठिकाणे महाराष्ट्रात थोडीच असून, त्यांत धारावी आणि मिठी नदी यांच्यामध्ये वसलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचा क्रम वरचा लागतो. सुमारे ३७ एकरांची ही जागा पूर्वी मुंबईचा कचरा टाकण्याचे मैदान होती. तेथे निसर्गशिक्षणाचे केंद्र उभारावे ही कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने मांडली, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती उचलून धरली आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यानाचे उद्घाटन झाले. उकिरड्याचे नंदनवन झाले हे कौतुक खरे असले, तरी ते इतक्या वेळा केले गेले आहे की या जागेतील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट त्याखाली झाकली जाते.

ती गोष्ट मुळांच्या श्वासाची आहे. झाडाची पाने कर्बवायू घेतात व प्राणवायू सोडतात एवढे पाचवीतले मूल सांगते. पण मुळांनाही प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो, हे बहुधा सांगायचे राहून जाते. गाडलेला कचरा हवेशिवाय कुजतो, त्यातून मिथेन व कर्बवायू निघतात आणि हे वायू वर सरकताना मातीतील प्राणवायूची जागा घेतात. म्हणून अशा भरावावर लावलेल्या झाडांची मुळे खोल जाण्याऐवजी वरच्या मातीच्या थरातच पसरण्याकडे कल दाखवतात आणि तो थर पातळ असेल तर वादळी वाऱ्यात झाडाला आधार कमी पडतो. भरावावरची दाट सावली पाहून सुखावणाऱ्या पालकाने मुलाला हे जरूर सांगावे, कारण तेथील प्रत्येक झाड वरवर दिसते त्यापेक्षा अवघड जमिनीवर उभे असते.

मिठीच्या काठावरील खारफुटीचा चिखलही तितकाच कोंडलेला असतो. भरतीच्या पाण्याने तो भिजलेला राहतो, त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि त्याला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास हा सगळाच सांडपाण्याचा दोष नसून हवेशिवाय जगणारे जिवाणू तयार करीत असलेल्या वायूचाही असतो. अशा चिखलात तिवराचे झाड तग धरते, कारण त्याच्या आडव्या मुळांतून बोटाएवढी जाड श्वसनमुळे, म्हणजे हवा घेण्यासाठी जमिनीतून वर येणारी मुळे, सरळ उभी राहतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रे असतात. पाणी चढले की छिद्रांतून हवा येणे थांबते, आतला प्राणवायू खर्च होऊन दाब घटतो, आणि ओहोटी लागताच त्या घटलेल्या दाबामुळे बाहेरची हवा आत ओढली जाते; अर्थात समुद्र दिवसातून दोनदा या झाडाचा भाता चालवतो. संशोधक शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या आधारमुळांवरील अशीच छिद्रे ग्रीसने बुजवून पाहिली, तेव्हा चिखलातील मुळांमधला प्राणवायू दोन दिवसांत झपाट्याने उतरला. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग शालेय पाठ्यपुस्तकात असायला हवा.

समुद्रापासून दूरच्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून सहलीला येणाऱ्या मुलांना या यंत्रणेचे नवल अधिक वाटेल. कयाधूचे पात्र किंवा पैनगंगेवरील इसापूर जलाशयाचा काठ त्यांच्या ओळखीचा असतो; तेथे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात ओसरते, म्हणजे जो बदल त्यांच्याकडे वर्षभरात होतो तो येथे काही तासांत घडतो. त्यामुळे सहलीची वेळ बसच्या सोयीने नव्हे, तर भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून ठरवावी लागते. भरतीच्या वेळी पोचलेल्या मुलांना नुसते पाणी आणि शेंडे दिसतात. ओहोटीला श्वसनमुळे उघडी पडतात, तिवराच्या पानांवर ग्रंथींतून बाहेर टाकलेल्या मिठाचे कण चकाकतात आणि चिखलावर टुणटुण उड्या मारणारी निवटी सापडू शकते.

अडचण अशी की हीच ओहोटी प्लास्टिकही उघडे पाडते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत येताना मिठी वाटेतल्या वस्त्यांचा, कारखान्यांचा आणि नाल्यांचा कचरा बरोबर आणते. भरती तो आत ढकलते आणि उभ्या श्वसनमुळांच्या दाटीत पिशव्या अडकून राहतात. शोलँडरच्या ग्रीसचे काम येथे पिशव्या करतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मिठी फुगली, त्यानंतर नदीचे पात्र रुंद व खोल करण्यावर भर दिला गेला. परंतु पात्र रुंद केल्याने त्यात पडणारा कचरा थांबत नाही, आणि जो कचरा उद्यान होण्यापूर्वी गाड्या जमिनीवर आणत असत तो आता पाण्यावाटे येऊ लागला आहे.

जमिनीबाबतची धास्ती वेगळी होती. धारावीच्या पुनर्विकासाच्या क्षेत्रात हे उद्यान ओढले जाईल या शंकेने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि उद्यान त्या प्रकल्पाचा भाग नाही असे २०२३ मध्ये न्यायालयाला सांगण्यात आले. त्याच न्यायालयाने २०१८ साली राज्यभरातील खारफुटीच्या तोडीवर कडक बंदी घातलेली आहे. म्हणजे झाड तोडण्यास कायदा आडवा येतो. श्वसनमुळांत अडकलेली पिशवी मात्र कोणीतरी चिखलात उतरून, मूळ न मोडता, हातानेच सोडवावी लागते आणि पुढच्या भरतीला तेथे दुसरी येते.