डिकीतला कोपरा आणि २८ लिटर हवा

हॅचबॅक गाडीची डिकी उघडली की मागच्या चाकाच्या कमानीमागे एक वेडावाकडा खड्डा दिसतो. तिथे बॅग बसत नाही आणि भाजीची पिशवी ठेवली तर लवंडते. बहुतेकांच्या गाडीत तिथे एखादं जुनं फडकं आणि पाण्याची बाटली पडलेली असते. कार ऑडिओचं काम करणाऱ्या कारागिराची नजर मात्र आधी तिथेच जाते. सीएनजीच्या टाकीने डिकी व्यापलेली असेल, तर जागा म्हणून तेवढीच उरलेली असते. या खड्ड्याच्या अंगाला चिकटून बसणारा, फायबरग्लासचा सबवूफर बॉक्स घडवणं ही गाडीवरच्या हौशी कामांतली सगळ्यात बुद्धिमान कारागिरी आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुळात बॉक्स लागतोच कशाला? सबवूफरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ४० हर्ट्झच्या खर्जाची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. एवढ्या लांब लहरीला बारा इंचांच्या स्पीकरला वळसा घालणं मुळीच अवघड नाही. पुढचा दाब आणि मागची पोकळी एकमेकांना मिळतात आणि दोन्ही संपतात. उघडा सबवूफर जोरजोरात हलताना दिसतो, पण ऐकू फारसं काही येत नाही. मागची लहर कोंडून ठेवणं हे बॉक्सचं पहिलं काम.

दुसरं काम जास्त रंजक आहे. बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी वागते. पडदा आत आला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर गेला की आत खेचते. अमेरिकेतल्या एडगर व्हिलचर यांनी १९५४मध्ये हेन्री क्लॉस यांच्यासह अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला. त्याआधी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. व्हिलचर यांनी पडद्याची लटकण मुद्दाम सैल ठेवली आणि त्याला आवरण्याचं काम बंद हवेवर सोपवलं. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकर आणि पेटी यांचं नातं गणितात बसवलं. आज सबवूफरच्या खोक्यासोबत आकड्यांचा जो कागद मिळतो, तो या दोघांच्या कामावर उभा आहे.

त्या कागदावरचे तीन आकडे कारागिराला पुरतात: एफएस, म्हणजे स्पीकर स्वतःहून डोलतो ती वारंवारता; क्यूटीएस, म्हणजे ते डोलणं कितपत आवरलेलं आहे याचा आकडा; आणि व्हीएएस, म्हणजे त्याच्या लटकणीइतकीच ताठ असलेली हवा. समजा ते अनुक्रमे ३० हर्ट्झ, ०.५ आणि ४० लिटर आहेत. बॉक्सही ४० लिटरचा केला, तर स्पीकर आणि बॉक्स मिळून एकूण क्यू ०.७०७ येतो. खर्ज सपाट आणि नेटका हवा असेल, तर हाच आकडा साधायचा असतो. बॉक्स लहान केला की क्यू वाढतो आणि ठोका घुमू लागतो. कार ऑडिओचे बारा इंची सबवूफर बहुधा एक घनफुटाच्या, म्हणजे २८ लिटरच्या आसपास समाधानी असतात. तेवढी जागा त्या खड्ड्यात निघते.

गाडी स्वतःही हातभार लावते. आतली लांबी पावणेतीन मीटर धरली तर साधारण ६० हर्ट्झच्या खाली केबिनमधला दाब वाढत जातो. हिशेबाने ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाते आणि बंद बॉक्सचा आवाज खाली उतरताना नेमका याच दराने घटतो. पत्रा लवचीक असतो, फटी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं मिळत नाही. तरीही बंद बॉक्सला गाडीइतकं अनुकूल घर दुसरं नाही. चौक हादरवणारा दणका मला नको असतो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा जिथे उठतो तिथेच आटोपला पाहिजे आणि तो बंद बॉक्समधूनच नीट ऐकू येतो.

सरळ जागा असेल तर १८ मिलिमीटर जाड एमडीएफ फळीची पेटीच उत्तम. तिथे फायबरग्लास म्हणजे खर्चाची उधळण. शिवाय फायबरग्लासचा सपाट तुकडा थरथरतो. त्याला बळ येतं ते वळणातून. शेवरोलेने १९५३मध्ये कॉर्व्हेटचं शरीर फायबरग्लासचं केलं आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या त्याच्या होतात, त्यांतही हाच गुण कामाला येतो.

कामाची सुरुवात चिकटपट्टीने होते. खड्ड्याच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर आणि वर ॲल्युमिनियम फॉइल, कारण फायबरग्लासला घट्ट करणारं रेझिन पत्र्याला लागलं की निघत नाही. मग काचेच्या तंतूंच्या मॅटचे हाताने फाडलेले तुकडे रेझिनमध्ये भिजवत बसवायचे. कापलेल्या कडेपेक्षा फाटलेली कड शेजारच्या तुकड्यात छान मिसळते. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचा एक थर रेझिन पिऊन जेमतेम एक मिलिमीटर होतो. ब्रश ठोकत, रोलर फिरवत आतली हवा काढावी लागते, कारण जिथे बुडबुडा राहिला तिथे भिंत कच्ची राहिली. रेझिनमध्ये हार्डनर एक ते दोन टक्के. मे महिन्याच्या उन्हात दोन टक्के घातलं, तर मगमधलं रेझिन ब्रश बुडवेपर्यंत तापून घट्ट होतं.

इथे एक गोष्ट घसा फोडून सांगायला हवी. आपल्याकडे रेझिन, त्याचं घट्ट होणं वेगात आणणारं कोबाल्ट आणि हार्डनर बहुधा वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. रेझिनमधून उठणाऱ्या स्टायरीनच्या वाफा कापडी मास्कने अडत नाहीत, त्यासाठी कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. किती तरी वर्कशॉपमध्ये पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम करतात. हे थांबलंच पाहिजे.

खड्ड्यावर घडवलेली ही पाठ वाळून निघाली की सबवूफर बसवायची एमडीएफची कडी तिच्यावर लाकडी काठ्यांनी हवेत उभी करायची. कडी किती बाहेर, किती तिरपी, हे इथेच ठरतं. मग डफावर चामडं ताणावं तसं ताणणारं होजिअरीचं कापड कडीपासून पाठीच्या कडांपर्यंत ओढून स्टेपल करायचं. कापड दोन टोकांमधला स्वतःचा मार्ग शोधतं आणि पुढच्या भागाचा सुंदर बाक आपोआप तयार होतो. त्याला रेझिन पाजलं की तो बाक तसाच गोठतो. मात्र हे रेझिन प्यायलेलं कापड म्हणजे नुसतं टरफल. खरी भिंत कडीच्या भोकातून हात घालून आतून उभी करायची असते, एकावर एक पाच-सहा थर. अंधारातलं, चिकट, कंटाळवाणं काम. अनेक जण दोन थरांवर आटोपतात आणि वरून पुट्टी जाड मारतात. पुट्टीने रूप येतं, ताकद येत नाही. खर्जाच्या धक्क्यांनी तिला पुढे तडे जातात.

मोजमाप सोपं आहे. सगळे थर पक्के वाळल्यावर बॉक्समध्ये थर्माकोलचे मणी काठोकाठ भरायचे आणि लिटरच्या मापाने परत मोजायचे. मणी आधी टाकले तर ओलं रेझिन त्यांना विरघळवतं. आलेल्या आकड्यातून स्पीकर स्वतः अडवतो ते दोन-तीन लिटर वजा करायचे. थोडं कमी पडलं तर आत पॉलिएस्टरचा कापूस सैल भरावा. त्याने हवेची स्प्रिंग किंचित मऊ होते आणि बॉक्स मोठा असल्यासारखा वागतो. पॉलिश पेपरने घासणं, कार्पेट किंवा रंग, हे त्यानंतरचं.

असा बॉक्स करून घेणार असाल, तर कारागिराला रंगाविषयी विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: आत किती लिटर भरले आणि आतून किती थर दिले. कार्पेट चढण्यापूर्वी एकदा स्वतः जा, बॉक्स सगळीकडून बोटाने ठोकून बघा आणि जिथे पोकळ वाजेल तिथे आणखी दोन थर मागून घ्या.