उडत्याला तोड : ‘शोर्युकेन’ या डावाविषयी

कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते. व्हिडिओ गेममधल्या लढतींनाही हाच नियम लागू आहे आणि त्यांतली सर्वांत गाजलेली तोड म्हणजे ‘शोर्युकेन’. जपानीत ‘शो’ म्हणजे वर चढणे, ‘र्यू’ म्हणजे ड्रॅगन, ‘केन’ म्हणजे मूठ. कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर’ (१९८७) या खेळात र्‍यू आणि केन या दोन लढवय्यांकडे हा डाव प्रथम दिसला. नाक्यानाक्यावर तो पोहोचवला १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने.

ही तोड कशावर, ते आधी पाहू. र्‍यू लांबून ‘हाडोकेन’ हा ऊर्जेचा गोळा फेकतो. तो चुकवायला प्रतिस्पर्धी उडी मारतो. या खेळात एकदा उडी घेतली की हवेत बचाव करता येत नाही. नेमक्या त्या क्षणी खालून गिरकी घेत वर जाणारा ठोसा बसतो. म्हणजे गोळा हे आमिष आणि शोर्युकेन हा सापळा. सुरुवातीच्या निमिषभर मारणाऱ्याला इजाही होत नाही, म्हणून समोरच्याची लाथ वाया जाते.

आता हाताची करामत. स्टिक पुढे, मग खाली, मग पुढच्या बाजूला तिरपी खाली आणि ठोशाचे बटण. या खेळात बचावासाठी स्टिक मागे ओढावी लागते. शोर्युकेनची सुरुवातच ‘पुढे’ने होते, त्यामुळे डाव टाकताना ढाल आधी खाली ठेवावी लागते. नेम चुकला तर मारणारा वर जाऊन हताश खाली येतो आणि तेवढ्यात त्याला कुणीही झोडपू शकतो. मला या डावाचे मोल इथेच वाटते : तो घाईला शिक्षा देतो, मग ती घाई उडणाऱ्याची असो वा मारणाऱ्याची. खेळाच्या कथेत सॅगॅटच्या छातीवरचा मोठा व्रण र्‍यूच्या याच ठोशाचा आहे.

पुढे एसएनके कंपनीच्या ‘किंग ऑफ फायटर्स ९७’मध्ये क्यो आणि इओरी हे दोघे हाडवैरी ‘ओनियाकी’ नावाचा एकच ज्वाळांचा डाव वापरतात, तोही याच हालचालीने. कथेत त्यांची घराणी पूर्वी मित्र होती, म्हणून विद्या सामाईक. या मालिकेत छोटी उडीही मारता येते, त्यामुळे तोड टाकायला वेळ आणखी कमी मिळतो.

दिव्याहून लोकलने ठाणे-डोंबिवलीला जाता-येता नव्वदच्या दशकात मी जी पार्लरे पाहिली, तिथे हा डाव छापील पुस्तकातून कुणी शिकत नव्हते. शेजारी उभे राहून दुसऱ्याच्या मनगटाकडे बघायचे, मग आपले नाणे टाकायचे. जपानी आरोळीचा उच्चार प्रत्येक पार्लरात वेगळा, पण मनगटाचे वळण मात्र तेच. आखाड्यातल्या डावांसारखी ही विद्या हातातून हातात गेली.

जुने खेळ आज पुन्हा विकत मिळतात. त्या शेजारच्या उभे राहण्याची नोंद मात्र कोणत्याही यंत्रात नाही. तेव्हा नाणी टाकणारी मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. शिकवले कुणी, डावाला नाव काय होते, हरल्यावर काय बोलले जायचे, हे त्यांना आत्ताच विचारून मराठीत लिहून ठेवले पाहिजे.