थंड हवेमागचा कायदा

‘कायदा’ आणि ‘इंजिनिअरिंग’ हे दोन शब्द एकत्र आले की आपल्यातल्या निम्म्या जनतेला झोप येते. नियम, फॉर्म, सही, शिक्का हे सगळं ऑफिसातल्या लोकांचं काम. आपण मशीन बघायचं, असा आपला समज! पण मित्रांनो, मोठ्या इमारतींच्या एअर कंडिशनिंगमध्ये याच कागदांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. कसे, ते सांगते. (मी पडले कॉन्व्हेंटवाली. ‘शीतन मनोरा’ लिहिलं तर मलाच अर्थ लागणार नाही, म्हणून कूलिंग टॉवरच म्हणते. मराठीप्रेमींनी सांभाळून घ्यावं.)

मॉल, हॉस्पिटल किंवा मोठ्या ऑफिसच्या गच्चीवर फायबरचा भला मोठा डबा असतो, वर पंखा फिरत असतो. तोच कूलिंग टॉवर. इमारतीतली उष्णता चिलर ओढून घेतो आणि कंडेन्सरच्या पाण्याला देतो. साधारण ३७ अंशांचं हे पाणी टॉवरमध्ये वरून शिंपडतात. पंखा हवा खेचतो, थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि उरलेलं ३२ अंशांच्या आसपास येऊन परत फिरतं. आपला माठ ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व. एवढं आपण परीक्षेत आकृतीसकट लिहितो.

पुस्तकात नसतं ते पुढे आहे. लिजिओनेला नावाचा एक जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात मजेत वाढतो. त्यात गाळ, गंज, शेवाळ असेल तर मेजवानीच! पंख्याच्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार बाहेर पडतात, आणि ते श्वासातून फुप्फुसात गेले की जबरदस्त न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणजे एसीचा गारवा एकाने घ्यायचा आणि आजारी पडायचं खालच्या रस्त्यावरून चालणाऱ्याने!

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला अमेरिकेत. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर २०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ३४ जण दगावले. जिवाणूला नाव मिळालं ते या संघटनेवरूनच.

ब्रिटनने १९९२ मध्ये नियम केला, की ज्याच्याकडे कूलिंग टॉवर आहे त्याने स्थानिक प्रशासनाला लेखी कळवायचं. कारण साधं आहे. साथ आली तर टॉवर कुठे कुठे आहेत हे तरी माहीत हवं ना! त्याशिवाय तिथल्या सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शिका सांगतात: जबाबदार माणूस नेमा, पाण्यात जंतुनाशक टाका, दर आठवड्याला जिवाणूंची चाचणी करा, टॉवर वर्षातून निदान दोनदा साफ करा आणि हे सगळं रजिस्टरमध्ये लिहा. तुषार अडवणाऱ्या जाळ्या, म्हणजे ड्रिफ्ट एलिमिनेटर, धड आहेत का तेही बघा. एकेक नियम वाचा, त्याच्यामागे जिवाणूची वाट अडवणारं एकेक कारण सापडतं.

तरीही २००२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस गावात साथ आलीच. नगरपालिकेच्या कलाकेंद्रातल्या एसी यंत्रणेचे तुषार बाजूच्या गल्लीत पडत होते. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले, सात जणांचा मृत्यू झाला. यंत्रात नवीन काही बिघडलं नव्हतं. पाण्यावर औषध करण्याचं काम देखभालीच्या करारातून गळलं होतं आणि ते कोणी करतंय का, हे कोणी विचारलं नव्हतं. २००६ मध्ये नगरपालिकेला सव्वा लाख पौंड दंड झाला, आणि तिथल्या एका अधिकाऱ्यालाही वेगळा दंड भरावा लागला. नियम होता, माहिती होती, औषधही बाजारात मिळत होतं. नव्हती ती फक्त करारातली एक ओळ!

न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली अशीच साथ आली, तेव्हा त्याच वर्षी शहराने कायदा करून प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली.

आपल्याकडे मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ईसीबीसी ही संहिता आली, २०१७ मध्ये ती सुधारली. चिलर किती कार्यक्षम हवा, टॉवरचा पंखा किती वीज खाऊ शकतो, याचे आकडे तिच्यात आहेत. वीजबचत हवीच. पण मीटर बघून पाण्यात काय वाढतंय ते कळत नाही. त्यासाठी कोणीतरी रोज गच्चीवर जायला हवं.

गरम पाण्याचंही तेच. सोलरची टाकी असो वा बॉयलर, पाणी ६० अंशांवर साठवावं असं याच मार्गदर्शिका सांगतात. ‘कोमट चालेल’ म्हणणाऱ्या हॉस्टेलकरांनी आणि रेक्टर सरांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

उद्या आपल्यातला कोणीतरी एखाद्या इमारतीच्या मेंटेनन्सचा करार तयार करेल. खर्च कमी करा म्हणून वरून फोन येईल, आणि ‘पाणी शुद्धीकरण’ ही ओळ खोडणं सगळ्यात सोपं वाटेल. तेव्हा पेन उचलण्याआधी खालच्या गल्लीतून कोण कोण चालत जातं, तेवढं खिडकीतून वाकून बघा.