खलनायिकेचा पहिला अंक

विनोदी कथेचीं सूत्रें खलनायकांच्या हातीं दिलीं, तर प्रेक्षकांची सहानुभूति त्यांजकडे कशी वळवावी? 'हार्ली क्विन' या अमेरिकन विनोदी व्यंगचित्रमालिकेचा २०१९ च्या नोव्हेंबरांत दाखविलेला पहिला भाग या प्रश्नाचें मार्मिक उत्तर देतो.

पॉल डीनी व ब्रूस टिम यांनीं १९९२ सालीं बॅटमॅन या गुन्हेगारांच्या कर्दनकाळावरील चित्रमालिकेंत जोकर नामक खलपुरुषाची साथीदार म्हणून हार्लीला आणिलें. चित्रकथांच्या पुस्तकांत ती मागाहून शिरली. ती मूळची मनोविकारांची डॉक्टर. ज्या रोग्यास बरें करावयाचें, त्याच्याच प्रेमांत पडून तिनें आपलें सर्वस्व गमाविलें.

नव्या मालिकेच्या आरंभीं हार्ली पकडली जाते. वेड्यांच्या तुरुंगांत ती जोकरची वाट पाहते. तो येत नाहीं. पॉयझन आयव्ही ही मैत्रीण तिला सोडविते, तरीहि तिची भक्ति ढळत नाहीं. अखेर कोडीं घालणारा रिडलर जोकरपुढें पेंच टाकतो: हार्ली आणि बॅटमॅन यांपैकीं एकालाच वांचवितां येईल. जोकर वांचवितो तो आपल्या वैऱ्याला!

आपण हंसतों, आणि त्याच क्षणीं हार्लीचे डोळे उघडतात. मैत्रिणीच्या उपदेशानें जें उमगलें नाहीं, तें या एका हास्यास्पद निवडीनें उमगतें. पुढेंहि ती गुन्हेगारच राहते. सोडते तें जोकरचें दास्य. तिच्या गुन्ह्यांना आपण क्षमा करीत नाहीं, परंतु तिच्या सुटकेचा आनंद मात्र आपलाहि होतो.